शाळेच्या बागेतली घोरपड

“हलू नको. तू हललीस की तो पण हलतो.”

रेशमी काळे शेवग्याच्या बुंध्यापाशी गुडघे टेकून बसली होती. एक डोळा मिटलेला, दुसऱ्याला कॅमेरा. खोडावर सरडा होता, गळा लालभडक झालेला. माझी सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, एवढंच माझं काम होतं, आणि ते मी श्वास रोखून करत होते.

खटका वाजला. रेशमीने कॅमेरा खाली घेतला, समोरचा सरडा उघड्या डोळ्यांनी बघितला आणि “आई गं!” करत मागच्या मागे उताणी पडली. सरडा सरसर वर गेला. मी पोट धरून हसत सुटले.

“पारध्याची ना गं तू? सरड्याला घाबरतेस?”

“कॅमेऱ्यातून नाही वाटत भीती,” स्कर्टची माती झटकत ती म्हणाली. “तेव्हा तो तिकडं असतो अन् मी इकडं.”

आम्ही तेव्हा नववीत होतो. गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या दुष्काळी पट्ट्यातलं. हायस्कूलच्या मागे दगडी भिंत घातलेली बाग होती. बाग म्हणजे कडुलिंब, शेवगा, कण्हेर, मुलांनी लावलेली जास्वंद आणि आपोआप माजलेली घाणेरी. आमच्या विज्ञानाच्या मगदूम बाई नव्यानेच लग्न होऊन गावात आल्या होत्या. त्यांनी स्वतःचा रोलचा कॅमेरा आमच्या हातात दिला आणि सांगितलं, की तालुक्याच्या प्रदर्शनात या वेळी थर्माकोलचा ज्वालामुखी न्यायचा नाही. आपल्या बागेत कोण कोण राहतं त्याचे फोटो न्यायचे. मग आम्ही रुईच्या पानावरचा पट्ट्यापट्ट्यांचा सुरवंट काढला, कोळ्याचं जाळं काढलं, नाकतोडा काढला. पहिल्या रोलमध्ये निम्मे फोटो हलले. रेशमीचा एकही हलला नाही, म्हणून पुढे कॅमेरा तिच्याकडेच राहिला.

रेशमी वसतिगृहात राहायची. तिचे आईवडील गावोगाव पालं टाकत फिरायचे आणि ती अगदी लहानपणापासून त्या खोल्यांमध्येच वाढलेली. पण गावाला ते कुठे पटायचं. कुणाची कोंबडी हरवली तरी लोक वसतिगृहाकडे बघायचे. तिने उभ्या जन्मात शिकारीचा फासा हातात धरला नव्हता. शिकार होती ती आमच्या घरात.

माझा धाकटा काका, आकाराम खोत, याने दोन कारवानी कुत्री पाळली होती. लांब पायांची, बरगड्या दिसणारी, वाऱ्यासारखी पळणारी. सुगी उरकली की काका त्यांना घेऊन माळावर जायचा आणि ससा नाहीतर तितर घेऊन यायचा. मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा, विहिरीत ढकलून पोहायला शिकवणारा, माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, हात उगारला की मधे येणारा तोच. मी आण्णांना फार भ्यायचे. काकाला कधीच भ्याले नाही.

गणपती उठल्यानंतर आठवडाभराने घोरपड आली. बागेच्या पार टोकाला, जिथे भिंत ढासळली होती तिथे, कमरेएवढं वारूळ होतं. एका सकाळी मला त्याच्या पायथ्याशी काहीतरी हलताना दिसलं. माती उडत होती. मी बाईंना हात धरून आणलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला जास्वंदीच्या आडोशाला बसवलं.

“मादी आहे,” त्या कुजबुजल्या. “अंडी घालायला बीळ खणते आहे. आता वाळवीच ते बुजवेल आणि आत ऊब राहील. पुढच्या पावसाळ्यात पिल्लं बाहेर येतील.”

रेशमी माझ्या पाठीमागे सरकली. तरी तिने कॅमेरा डोळ्याला लावला. मान उंचावलेली, जीभ बाहेर काढलेली, पुढच्या पंजांना ओली माती लागलेली ती घोरपड अशी उतरली होती, की फोटो धुऊन आल्यावर बाईंनी तो प्रदर्शनापर्यंत ठेवलाच नाही. शाळेच्या फलकावर लावून टाकला. खाली लिहिलं, ‘आपल्या बागेतली नवी शेजारीण’.

दोन दिवसांत अर्धं गाव तो फोटो बघून गेलं. काकाही आला. मला डबा द्यायच्या निमित्ताने आला आणि फलकासमोर उभा राहिला. बराच वेळ उभा होता.

“कुणी काढला गं हा?”

“रेशमीनं. आमच्या वर्गातली.”

“काळ्याची? ब्येस काढलाय की.” मग फोटोतल्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, “पडक्या अंगाला हाय व्हय. अंडी हायत, आता ती हिथनं हलायची न्हाई.”

माझ्या डोक्यावर टपली मारून तो गेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. साडेअकराला घंटा झाली आणि पोरं पांगली. बाई, रेशमी आणि मी बागेत राहिलो. रोल संपत आला होता आणि बाईंना बुजत आलेल्या बिळाचा फोटो हवा होता. घोरपड वारुळाला टेकून उन्हात पसरली होती. खणून खणून दमली असावी. रेशमी जास्वंदीआड पालथी झोपून सरकत सरकत पुढे चालली होती.

तेवढ्यात पडक्या भिंतीवरून कुत्री आत आली.

भुंकली नाहीत. शिकारीवर ती जात भुंकत नाही. एकाने घोरपडीची शेपटी धरली, दुसऱ्याने मागचा पाय. घोरपड एवढ्या जोरात वळली की पहिल्या कुत्र्याचा कान तिच्या जबड्यात आला. कुत्रं केकाटलं. कानातून रक्ताची धार लागली, पण तिने कान सोडला नाही. धुरळ्यात नुसती एक गुंडाळी फिरत होती आणि त्यातून मधेच पांढरं पोट दिसत होतं.

मागून भिंतीवरून काका उतरला. हातात पहार. त्याच्यामागे भूपाल, काकाचा शिकारीतला सोबती. त्याच्या खांद्यावर कुदळ आणि कमरेला पोतं.

“काका!” मी ओरडले.

काकाने माझ्याकडे बघितलं आणि हसला. नेहमीसारखाच हसला. “मालूबाई, मागं सर. शेपटी लागल.”

त्याने घोरपडीची शेपटी मुळाशी धरली, कुत्र्यांना लाथ घालून बाजूला केलं आणि तिला उचलून भिंतीच्या दगडावर आपटलं. एकदा, मग आणखी एकदा. ती तरी पंजे मारत होती. मग त्याने तिच्या मानेवर पाय दिला आणि एकेक पाय मागे ओढून सांध्यातून मोडला. चारी पाय. लाकडाची काटकी मोडल्यासारखा आवाज येत होता. ती जिवंत होती. डोळे उघडे होते आणि जीभ बाहेर येऊन आत जात होती.

भूपालने तोवर कुदळीने वारूळ फोडायला घेतलं होतं. पांढरी, मऊ कवचाची अंडी मातीबरोबर बाहेर आली. काही कुदळीखाली फुटली. राहिलेली तो पोत्यात भरायला लागला.

मगदूम बाई धावत पुढे गेल्या. “आकारामभाऊ, हे काय चालवलंय? शाळेचं आवार आहे हे! सोडा तिला. मी फॉरेस्टला कळवणार आहे.”

“कळवा की,” काका म्हणाला. “फॉरेस्टवाले ईस्तवर रस्सा हुईल. बाई, तुमी जावा, पोरीस्नी घिऊन जावा. हे बगाय तुमाला झेपायचं न्हाई.”

त्याच वेळी खटका वाजला.

आवाज बारीकच असतो तो. पण मधे सगळे गप्प झाले होते, म्हणून भूपालला ऐकू गेला. जास्वंदीच्या बुंध्याशी रेशमी पालथी पडलेली होती आणि कॅमेरा डोळ्याला होता. तिने पुन्हा खटका दाबला.

“आकाराम! ती पारधीण फोटू काडालीया!”

भूपाल झेपावला. बाई मधे आल्या. त्याने त्यांना दार लोटावं तसं हाताने ढकललं. बाई मागे पडल्या आणि वाफ्याच्या कडेच्या दगडावर त्यांचं डोकं आपटलं. तशाच पडून राहिल्या. केसांतून रक्त येऊन कानामागून पदरावर उतरायला लागलं. भूपाल ते बघून जागच्या जागी थिजला.

“मेली का काय रं?” तो म्हणाला.

काका मात्र रेशमीकडे निघाला होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मी तो चेहरा आधी कधी बघितला नव्हता. शिकारीत तो तसाच दिसत असेल.

रेशमी कॅमेरा पोटाशी धरून गोळा होऊन पडली. काकाने तिचे केस धरले.

“दे हिकडं.”

“बाईंचा आहे.”

“दे म्हंतो न्हवं!”

“बाईंचा आहे. नाही देणार.”

काकाने तिला केसांनी फरपटत उघड्या जागेवर आणलं. तिने उजव्या हाताची मूठ कॅमेऱ्याच्या पट्ट्याभोवती आवळली होती. काकाने तिच्या पाठीत लाथ घातली, तरी मूठ सुटेना. मग त्याने तिचा हात जमिनीवर दाबला, त्यावर आपला पाय ठेवला आणि पहारीचं बुड बोटांवर मारलं.

रेशमीची किंकाळी अजून माझ्या कानात आहे असं मी म्हणणार नाही, कारण ती किंचाळलीच नाही. तिने तोंडात माती भरून घेतली होती.

“काका, सोड तिला!” मी त्याच्या दंडाला लोंबकळले. त्याने न बघताच उलट्या हाताची लगावली. माझा ओठ फाटला आणि मी भूपालच्या कुदळीवर जाऊन पडले.

आता पुढचं जसं झालं तसं सांगते. काकाने कॅमेरा ओढून घेतला, रेशमीच्या हातावरून पाय काढला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून तो रोल ओढून काढायला लागला. काळी फीत उन्हात लोंबायला लागली. मी कुदळ उचलली. मला त्याची मान दिसत होती आणि मानेवरचे केस दिसत होते. लहानपणी खांद्यावर बसले की मी ते केस धरायचे. मी कुदळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेली, डोळे मिटले आणि त्याच्या डोक्यावर घातली.

डोक्यावरच घातली. त्यात काही शंका नव्हती.

पण कुदळ कुठेतरी बाजूला ओढली गेली आणि भलत्याच जागी बसली. डोळे उघडले तेव्हा काका जमिनीवर होता. त्याच्या डाव्या गुडघ्याची वाटी फुटली होती. आतलं पांढरं हाड मला दिसलं. तो मोठ्याने ओरडत होता आणि दोन्ही कुत्री त्याच्याभोवती गोल फिरत होती. भूपालने पोतं उचललं, घोरपडही त्यात कोंबली आणि भिंतीवरून उडी मारून पळाला.

माझ्या पायाशी रेशमी पडली होती. उजवा हात छातीशी धरलेला. माझ्याकडे बघत होती.

माणसं धावत आली. काकाला जीपमध्ये घातलं, बाईंना मोटारीत घालून थेट सांगलीला नेलं. मला आणि रेशमीला हेडमास्तरांनी काकाला नेणाऱ्याच जीपच्या मागच्या बाकावर बसवलं. खड्डा आला की काका ओरडायचा. रेशमीचा हात सुजून भाकरीएवढा झाला होता. मी तिच्या दुसऱ्या हातावर हात ठेवला. तिने तो तसाच राहू दिला.

तालुक्याच्या दवाखान्यात काकाला लगेच आत घेतलं. रेशमीला कुणीतरी बाहेरच्या फरशीवर बसवलं आणि ती तिथेच बसून राहिली. दिवस कलायला लागला तेव्हा आण्णा आले. आई आली, काकू आली. मग पोलीस ठाण्यातून एक हवालदार आला. थोराड, थकलेल्या चेहऱ्याचा.

काकाच्या खाटेभोवती सगळे उभे होते. पायाला फळ्या बांधल्या होत्या, गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं, पण काका शुद्धीवर होता.

“कुणी मारलं?” हवालदाराने विचारलं.

काकाने डोळे मिटले. “त्या पारध्याच्या पोरीनं.”

“कशासाठी?”

“घोरपड धराय आलती ती. तिची मानसं हुती भिंतीपल्याड. मी शाळंत पुतनीला न्ह्याय गेलो हुतो. बाईला ढकललं त्यांनी. मी सोडवाय गेलो तर हिनं कुदळ घातली.”

“पुतणी कुठंय?”

“ती लांब हुती. तिला काय ठावं न्हाई.”

हेडमास्तर खाली बघत होते. त्यांनी प्रत्यक्ष काहीच बघितलं नव्हतं. हवालदार मान हलवत म्हणाला, “ह्या लोकांचं असंच. शाळेत घातलं तरी रक्त जात नाही.” काकू दारात जाऊन रेशमीला शिव्या द्यायला लागली. आण्णा म्हणाले, वसतिगृहातनं सगळ्याच पोरांना काढा. रेशमी तिथून हाकेच्या अंतरावर बसली होती आणि सगळे तिच्याविषयी बोलत होते.

“कुदळ मी मारली,” मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा मोठ्याने म्हणाले.

आण्णा वळले. “गप. तुला काय कळतंय.”

“मी मारली. काकाच्या डोक्यात घालायला गेले होते.”

त्यांचा हात एवढ्या जोरात आला की मी खाटेच्या लोखंडावर आदळले. डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं. आई “अहो, अहो” करत मधे आली, तिलाही एक बसली.

“पोर घाबरलीया,” खाटेवरून काका म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. “मालूबाई, आईबरं घरला जा. जा बाळा.”

मी खाटेची दांडी धरून उठले.

“काका, तू तिच्या हातावर पाय दिलास. पहारीनं बोटं मोडलीस. घोरपड तू आणि भूपालनं मारली. पोत्यात घालून त्यानं नेली, त्याच्या घरात आत्ता सापडेल. बाईंना भूपालनं ढकललं.” मी हवालदाराकडे वळले. “तिचा हात बघा ना. कुदळ उचलता येईल का तिला?”

हवालदार दारापाशी गेला. खाली बसून त्याने रेशमीचा हात उताणा केला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग उठला आणि पहिल्यांदा डॉक्टरला हाक मारली.

काका माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. नुसता बघत होता. आण्णांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दवाखान्याच्या आवारात पट्ट्याने मारलं. लोक बघत होते. कुणी आलं नाही, कारण मधे येणारा माणूस आत खाटेवर होता.

दुसऱ्या दिवशी बाई शुद्धीवर आल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते माझ्याशी जुळलं. घोरपड भूपालच्या माळ्यावर सापडली, तेव्हा ती मेलेली होती. फॉरेस्टने काका आणि भूपालवर केस घातली. शिक्षा झाली, मग अपील, मग कोर्टाच्या खेपा. काकाने काही महिने कोठडीत काढले. गुडघा कायमचा ताठ राहिला. कुत्री आण्णांनी विकून टाकली. माझं वय लहान म्हणून मला समज देऊन सोडलं. रेशमीवर काही आलं नाही.

घरात मात्र मी कुणाची राहिले नाही. आण्णा माझ्याशी बोलेनात, काकू मी वाढलेलं ताट उचलेना. दहावीला मला मिरजेला मावशीकडे पाठवलं ते कायमचं. तिथेच शिकले, लॅब टेक्निशियन झाले, तिथेच लग्न झालं. लग्नाला आई आली, आण्णा आले नाहीत. मगदूम बाईंची बदली झाली, त्या दर दिवाळीला फोन करायच्या. रेशमीची दोन बोटं वाकत नाहीत. ती एसटीत कंडक्टर झाली. तिकिटाचं मशीन ती डाव्या हाताने चालवते आणि तिच्या गाडीत सुट्ट्या पैशावरून कुणी हुज्जत घालत नाही असं ती सांगते. आम्ही फोनवर बोलत असतो. त्या दिवसाविषयी आम्ही कधीच बोललो नव्हतो. बोलायचं नाही असं ठरवलेलं नव्हतं, पण विषय निघालाच नाही.

मागच्या वर्षी मी काम करते त्या दवाखान्यात काका दाखल झाला. साखर वाढून पायाला जखम झालेली, त्याच ताठ पायाला. मला रक्ताच्या नमुन्यावर नाव दिसलं. आकाराम बाबू खोत. मी वॉर्डात गेले.

म्हातारा झाला होता. खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, पाय काठीसारखा समोर. मला ओळखायला वेळ लागला नाही.

“मालूबाई.”

“काय काका.”

“रगात न्ह्याय आलीस?”

“नेलंय दुसऱ्यानं. मी अशीच आले.”

त्याने पायावरची चादर सारखी केली. मग शेजारच्या स्टुलाकडे हात केला. मी बसले.

“तवा मी तुजं नाव घेतलं न्हाई,” तो म्हणाला. “पोरीची जात. लगीन व्हायचं, पोलिसात नाव जायचं. म्हून तिचं घेतलं. ती काय, पारध्याची. त्यास्नी पोलिसाची सवय असती असं वाटायचं.”

“माहीत आहे मला.”

“न्हाई. समदं ठावं न्हाई तुला.” त्याने दाढीवरून हात फिरवला. “नेम चुकला असं वाटतंय न्हवं तुला?”

मी त्याच्याकडे बघितलं.

“रोल वडताना मला जमिनीवर सावली दिसली. वळलो. तू कुदळ उचललीवती, डोळं गच्च मिटलेलं. नेम बराबर टाळक्यावर हुता. मी हललो न्हाई. हलायला टायमच न्हवता.” तो घोटभर पाणी प्यायला. “ती पोरगी उठली. मोडक्या हातानं उठली अन् तुज्या हाताला लोंबकळली. समदं वजन टाकलं तिनं. तवा कुदळ फिरली अन् गुडघ्याव आली. न्हाईतर मी तितंच खलास हुतो.”

वॉर्डात पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं.

“तू बघितलं होतंस हे?” मी विचारलं.

“बगितलं.”

“बघूनही तिचं नाव घेतलंस?”

त्याने मान हलवली. हो म्हणून हलवली. मग म्हणाला, “घेतलं.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते पुसलं नाही आणि उठलेही नाही. जेवणाची गाडी येईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. मग त्याला ताटातली भाकरी कुस्करून दिली आणि बाहेर आले.

जिन्यात उभी राहून मी रेशमीला फोन लावला. मागे स्टँडचा गलका होता, भोंगा वाजत होता.

“गाडी सुटायची आहे गं माझी. बोल पटकन.”

“रेशमी, शाळेच्या बागेत त्या दिवशी तू माझा हात ओढलास?”

पलीकडे तिने कुणाला तरी ‘थांबा’ म्हटलं. मग ती म्हणाली, “कुणी सांगितलं?”

“काकानं.”

“बरं.”

“तुझी बोटं त्यानं मोडली होती. आणि तू त्यालाच वाचवलंस?”

“त्याला कशाला वाचवू?” ती म्हणाली. “तू खून करायला निघाली होतीस. तुला जेलात जाऊ दिलं असतं होय मी?”

मी जिन्याच्या पायरीवर बसले. तिला वाटलं फोन तुटला. “हॅलो? हॅलो, माला?”

“एवढी वर्षं बोलली का नाहीस गं? त्या दिवशी दवाखान्यात तरी सांगायचंस, हवालदार होता, हेडमास्तर होते—”

“मला कुणी विचारलं?” रेशमी म्हणाली, आणि तिने गाडीची घंटी वाजवली.